गाण्यांचं विजेट होम स्क्रीनवर: आधी ॲप जागं ठेवा, मग विजेट लावा

होम स्क्रीनवर गाण्यांचं विजेट, म्हणजे गाण्याचं नाव आणि बटणं दाखवणारी पट्टी, ओढून ठेवायला अर्धं मिनिटही लागत नाही. तरी तक्रारी त्याच त्याच येतात. बटण दाबलं तर काही होत नाही. दोन दिवस नीट चाललं आणि मग बंद पडलं. गाणं बदललं तरी विजेटवर कालचंच नाव दिसतंय. यादीत विजेटच सापडत नाही. बहुतेक वेळा या सगळ्याचं मूळ एकच असतं: लोक विजेट आधी लावतात, आणि ज्या ॲपचं ते विजेट आहे त्याच्याकडे बिघाड झाल्यावर बघतात.

विजेट स्वतः गाणं वाजवत नाही. ते दारावरच्या बेलसारखं आहे. बेल वाजल्यावर दार उघडायला घरात कोणीतरी जागं असावं लागतं. फोनने बॅटरी वाचवण्यासाठी ॲप झोपवलेलं असेल, तर विजेट पडद्यावर दिसत राहतं, पण दाबून उपयोग होत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या तीन टप्प्यांत विजेटला हातही लावायचा नाही, आणि खरं काम तिथेच आहे.

हा लेख मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहे. आयफोनबद्दल पुढे थोडक्यात येईल. सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी, वनप्लस यांच्या मेनूतली नावं थोडीफार वेगळी असतात. एखादा पर्याय सांगितलेल्या जागी दिसला नाही, तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वरच्या शोधपट्टीत तो शब्द टाका. पानापानांत शोधत बसण्यापेक्षा ते कितीतरी लवकर होतं.

## आधी ठरवा: विजेटच हवंय का?

तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे ॲपचं चिन्ह. ते दाबलं की ॲप उघडतं, एवढंच. दुसरी म्हणजे वरून पडदा खाली ओढल्यावर दिसणारा प्लेअर. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० नंतरच्या फोनमध्ये, गाणं सुरू असताना तो झटपट सेटिंग्जच्या भागात आपोआप येतो, आणि बहुतेक फोनमध्ये लॉक स्क्रीनवरही दिसतो. त्यासाठी काही लावावं लागत नाही. तिसरं ते विजेट: गाणं सुरू असो वा नसो, होम स्क्रीनवर कायम दिसणारी पट्टी.

गाणं मध्येच थांबवणं आणि पुढचं लावणं एवढंच हवं असेल, तर दुसऱ्या सोयीने भागतं. विजेटचा खरा फायदा गाणं सुरू करायला होतो: फोन हातात घेतला, एक बटण दाबलं, काल जिथे थांबलो होतो तिथून कीर्तन पुढे चालू. कणकेने माखलेल्या हाताच्या एकाच कोरड्या बोटाने फोन हाताळणाऱ्यांना, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही अशा वडीलधाऱ्यांना, दुकानात दिवसभर गाणी लावून ठेवणाऱ्यांना विजेट लावून द्यावं.

दुचाकी किंवा गाडी चालवताना मात्र विजेटही नको. गाणं निघण्यापूर्वी लावा.

## टप्पा १: ॲप पारखून घ्या

दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. या ॲपला विजेट आहे का? आणि हे ॲप पडद्यामागे, म्हणजे ते समोर उघडं नसताना किंवा फोनचा पडदा बंद असतानाही, वाजतं का?

पहिल्याचं उत्तर शोधायला ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा. अनेक फोनमध्ये जी छोटी यादी उघडते तिच्यात 'विजेट्स' किंवा चार चौकटींचं चिन्ह दिसतं. दिसलं तर विजेट आहे. नाही दिसलं तरी लगेच निराश होऊ नका; टप्पा ५ मधली पूर्ण यादी बघितल्याशिवाय 'नाही' म्हणता येत नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक या दोन्हींना विजेट आहे. फोनमध्ये साठवलेली गाणी ऐकणाऱ्यांसाठी व्हीएलसी, म्युझिकोलेट, पॉवरॲम्प यांची विजेटं आहेत. सॅमसंग फोन असेल तर सॅमसंग म्युझिकचंही आहे.

दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि मग विजेटला दोष देतात. यूट्यूब म्युझिक भारतात मोफत वापरत असाल, तर ऑनलाइन गाणं ॲप समोर उघडं असेपर्यंतच वाजतं. होम स्क्रीनवर आलात की ते थांबतं. आता विजेट असतं कुठे? होम स्क्रीनवरच. म्हणजे मोफत खात्यावर त्या ॲपचं विजेट लावलं, तर ते फार तर ॲप उघडायच्या कामाचं. पैसे भरलेलं खातं असेल तर अडचण नाही. फोनमध्ये साठवलेल्या फाइल्स मात्र तेच ॲप मोफत खात्यावरही पडद्यामागे वाजवतं.

माझा सल्ला असा: घरात आरत्या, अभंग, जुनी नाट्यगीतं फोनमध्ये साठवलेली असतील, तर विजेटसाठी ऑफलाइन ॲपच निवडा. इंटरनेटची वाट बघावी लागत नाही, मध्ये जाहिरात येत नाही, आणि बटण दाबल्याबरोबर आवाज येतो. म्युझिकोलेट तर इंटरनेटची परवानगीच मागत नाही. आईवडिलांच्या फोनवर टाकायला मला ते सगळ्यात निर्धास्त वाटतं.

तपासणी: ॲपमध्ये गाणं लावा, होम स्क्रीनवर या, मग पडदा बंद करा. दोन्ही वेळा गाणं चालू राहिलं पाहिजे. इथेच थांबत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, ॲप बदला.

## टप्पा २: ॲपला एकदा पूर्ण जागं करा

नवं ॲप टाकलं आणि न उघडताच विजेट शोधायला गेलं, तर ते कधीकधी यादीत येतच नाही. म्हणून हे आधी, आणि याच क्रमाने करा:

१. ॲप उघडा. खातं लागत असेल तर लॉगिन पूर्ण करा.

२. परवानग्या द्या. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनमध्ये गाण्यांच्या फाइल्ससाठी 'संगीत आणि ऑडिओ' अशी वेगळी परवानगी असते. ती नाकारली गेली असेल तर ॲपला फोनमधलं एकही गाणं दिसत नाही, आणि विजेट कोरं राहतं.

३. नोटिफिकेशनची परवानगी विचारली तर 'हो' म्हणा. जाहिरातींच्या सूचना नको असतील तर त्या नंतर प्रकारवार बंद करता येतात. सरसकट सगळ्या बंद करू नका.

४. एक गाणं लावा आणि किमान पुढच्या गाण्यापर्यंत वाजू द्या. शेवटचं काय वाजत होतं याची ॲपकडे नोंदच नसेल, तर विजेटने सुरू तरी काय करायचं?

आणखी एक गोष्ट जुन्या, कमी जागेच्या फोनसाठी. जागा वाचवायला ॲप मेमरी कार्डावर हलवलेलं असेल, तर त्याचं विजेट यादीत येत नाही, किंवा फोन बंद करून चालू केल्यावर गायब होतं. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, स्टोरेज असं जाऊन ॲप फोनच्या स्वतःच्या मेमरीत परत आणा. गाणी कार्डावर राहिली तरी चालतात. ॲप तेवढं आत हवं.

## टप्पा ३: बॅटरीची बंधनं काढा

'दोन दिवस चाललं आणि बंद पडलं' यामागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं. फोन वापरात नसलेली ॲप्स झोपवतो, आणि काही कंपन्यांचे फोन हे काम फार कडकपणे करतात. ॲप झोपलं की विजेटवरची माहिती ताजी होत नाही, कारण गाणं बदलल्याची खबर विजेटला तेच ॲप देत असतं.

सगळ्या अँड्रॉइडमध्ये साधारण चालणारा रस्ता: ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' किंवा वर्तुळातल्या 'आय'वर जा, तिथे 'बॅटरी' उघडा. अनेक फोनमध्ये तीन पर्याय दिसतात: अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइझ्ड, रिस्ट्रिक्टेड. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर विजेट नीट चालणं कठीणच. आधी 'ऑप्टिमाइझ्ड' ठेवून बघा. त्यातही अडत असेल तरच 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

सॅमसंगमध्ये याशिवाय सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या भागात 'बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स' आहे. त्यात 'स्लीपिंग ॲप्स' आणि 'डीप स्लीपिंग ॲप्स' अशा दोन याद्या असतात. तुमचं ॲप दोन्हींतून काढा आणि 'नेव्हर स्लीपिंग ॲप्स'मध्ये घाला. डीप स्लीपमधलं ॲप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत उठत नाही, हे लक्षात ठेवा.

शाओमी, रेडमी आणि पोको फोनमध्ये ॲप इन्फोमध्ये 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि 'बॅटरी सेव्हर'मध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. दोन्ही करायचं. एकच केलं तर फोन रिस्टार्ट झाल्यावर विजेट पुन्हा कोरं दिसू शकतं.

ओप्पो, रियलमी, वनप्लसमध्ये ॲपच्या बॅटरी वापराच्या पानावर पडद्यामागे चालू देण्याचा आणि आपोआप सुरू होऊ देण्याचा असे दोन पर्याय शोधा. विवोमध्ये बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये पडद्यामागच्या वीजवापराची ॲपवार यादी असते; तिथे तुमच्या ॲपवरचं बंधन काढा.

इशारा: ही सूट एकाच ॲपला द्या, ज्याचं विजेट लावणार आहात त्याला. 'असू दे, सगळ्यांनाच देऊन टाकतो' असं केलं तर संध्याकाळी फोन चार्जरला लावायची वेळ येते.

दुसरा इशारा: 'क्लीनर', 'बूस्टर' अशा नावाचं ॲप फोनमध्ये असेल, तर ते काढून टाका. तुम्ही वर केलेलं सगळं ते एका 'क्लीन'मध्ये झोपवतं.

## टप्पा ४: जागा करा आणि कुलूप काढा

गाण्यांचं विजेट बहुधा चार घरं रुंद आणि एक किंवा दोन घरं उंच असतं. घर म्हणजे एका चिन्हाची जागा. तेवढी सलग मोकळी जागा हवी. इकडेतिकडे विखुरलेली चार घरं मोकळी असून उपयोग नाही. जागा नसेल तर फोन विजेट दुसऱ्या पानावर ढकलतो किंवा 'जागा नाही' म्हणून थांबतो. मग माणूस म्हणतो, 'ठेवलं पण दिसत नाही.' पान उजवीकडे सरकवून बघा, बहुतेक तिथे असतं.

चिन्हं बाजूला करायला एकावर दुसरं ठेवून फोल्डर करा. बँकेची सगळी एका फोल्डरमध्ये, प्रवासाची दुसऱ्यात. दोन ओळी सहज मोकळ्या होतात. जागा तरीही पुरेना तर होम स्क्रीन सेटिंग्जमध्ये ग्रिड, म्हणजे पानावरच्या घरांची संख्या, वाढवता येतो. फक्त ग्रिड वाढला की चिन्हं बारीक होतात, त्यामुळे वयस्कर माणसाच्या फोनवर तो वाढवू नका. त्यापेक्षा विजेटला वेगळं पान द्या.

विजेट पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवा. फोन एका हातात धरल्यावर अंगठा तिथपर्यंत पोचतो. अगदी तळाशी मात्र नको. पान बदलायला किंवा होमला यायला बोट सरकवताना चुकून गाणं सुरू होतं.

आता कुलूप. होम स्क्रीन सेटिंग्जमध्ये 'लॉक होम स्क्रीन लेआउट' नावाचा पर्याय सॅमसंग, शाओमी आणि इतरही अनेक फोनमध्ये असतो. तो चालू असेल तर विजेट ठेवता येत नाही, हलवता येत नाही, काढताही येत नाही. घरात कोणीतरी आजोबांच्या फोनवर तो मुद्दाम चालू करून ठेवलेला असतो, आणि मग पुढच्याला वाटतं फोन बिघडला. तात्पुरता बंद करा. शेवटी पुन्हा चालू करायचाच आहे.

## टप्पा ५: विजेट ठेवा

१. होम स्क्रीनच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरा. चिन्हावर नको. मोकळी जागा सापडत नसेल तर दोन बोटं पडद्यावर आत चिमटा. बऱ्याच फोनमध्ये तोच मेनू उघडतो.

२. 'विजेट्स' निवडा. फोन मराठीत असेल तर 'विजेट' दिसेल.

३. यादी ॲपच्या नावाप्रमाणे असते. वर शोधपट्टी असेल तर तिच्यात ॲपचं नाव टाका. काही फोनमध्ये कंपनीची स्वतःची हवामान, घड्याळ वगैरे विजेटं आधी येतात आणि बाकीच्या ॲप्सची बरीच खाली. शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय सोडू नका.

४. ॲपच्या नावावर टिचकी मारली की त्याची सगळी विजेटं दिसतात. इथे घाई होते. एकाच ॲपची तीन-चार विजेटं असू शकतात, आणि त्यातलं एखादंच चालू गाणं दाखवणारं आणि बटणं असलेलं असतं. बाकीची अलीकडे ऐकलेले अल्बम किंवा सुचवलेली गाणी दाखवतात. चित्रात त्रिकोणी 'प्ले' बटण दिसतंय का, ते बघून निवडा.

५. त्यावर बोट दाबून धरूनच ठेवा. होम स्क्रीन दिसू लागली की योग्य जागी नेऊन बोट उचला. मध्येच बोट सुटलं तर पुन्हा सुरुवात करा. काही फोनमध्ये 'ॲड' बटण असतं, ते दाबलं तरी चालतं.

नोव्हासारखा वेगळा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) वापरत असाल, तर पहिल्यांदा विजेट ठेवताना 'या ॲपला विजेट तयार करू द्यायचं का' असं विचारलं जातं. परवानगी द्या. आणि पुढे कधी लाँचर बदलला तर विजेटं सोबत येत नाहीत, पुन्हा लावावी लागतात.

तपासणी: विजेटवर गाण्याचं नाव आणि बटणं दिसताहेत का? कोरी चौकट दिसत असेल तर घाबरू नका. ॲप उघडून एक गाणं लावा आणि परत या. बहुतेक वेळा ती तेवढ्याने भरते.

## टप्पा ६: आकार

विजेटवर बोट दाबून धरा आणि सोडा. कडांवर ठिपके येतात. ते ओढून आकार बदला.

आकार लहान केला की बटणं लहान होत नाहीत, कमी होतात. रुंदी घटवली की आधी 'मागचं गाणं' जातं, मग 'पुढचं', शेवटी फक्त प्ले उरतं. नेमकं काय जाईल ते ॲपवर अवलंबून असतं, पण पुढच्या गाण्याचं बटण नाहीसं झालं म्हणून विजेट बिघडलं असं समजू नका. दोन घरं रुंदी वाढवा, परत येईल.

उलट बाजूने, खूप मोठं केलं तर नुसतं अल्बमचं चित्र वाढतं आणि बटणं आहेत तेवढीच राहतात. एक बोट कोरडं असणाऱ्यासाठी महत्त्वाचं काय? चित्र नव्हे, बटणं एकमेकांपासून लांब असणं. म्हणून उंचीपेक्षा रुंदी पूर्ण द्या. चार घरं रुंद, दोन उंच हा आकार मला बहुतेक ॲप्सना योग्य वाटतो.

## टप्पा ७: चाचणी, याच क्रमाने

विजेट दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. फोन खिशात टाकण्यापूर्वी हे करा.

१. विजेटवरून प्ले, थांबा, पुढचं. गाण्याचं नाव बदलतंय का बघा.

२. गाणं चालू ठेवून पडदा बंद करा. गाणं चालू राहिलं पाहिजे.

३. दुसऱ्या फोनवरून कॉल करा आणि बोलून ठेवा. कॉल आल्यावर गाणं थांबलं पाहिजे. संपल्यावर आपोआप सुरू होणं ॲपच्या सेटिंगवर असतं. नसेल होत, तर विजेटवरून तरी सुरू झालं पाहिजे.

४. गाणं थांबवा, अलीकडच्या ॲप्सची यादी उघडून ते ॲप वर ढकलून काढा, आणि मग विजेटवरचं प्ले दाबा. खरी परीक्षा ही. सुरू झालं तर टप्पा ३ जमला. नाही झालं तर तिकडे परत जा. शाओमी, ओप्पो अशा फोनमध्ये त्याच यादीत ॲपला कुलूप लावता येतं; ते लावा म्हणजे 'क्लिअर ऑल' केलं तरी ॲप बंद होत नाही. गाणं चालू असताना ॲप यादीतून काढलं आणि गाणं थांबलं, तर तो बिघाड नाही. काही ॲप्समध्ये ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं.

५. फोन रिस्टार्ट करा. पिन टाकून उघडल्यावर थोडं थांबा, मग प्ले दाबा. पहिल्यांदा कुलूप उघडेपर्यंत बहुतेक ॲप्स सुरूच होत नाहीत, त्यामुळे लगेच दाबलं तर प्रतिसाद न येणं साहजिक आहे.

पाचही जमलं की होम स्क्रीन लेआउटचं कुलूप परत लावा. वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे विसरूच नका. बोट जरा जास्त वेळ टेकलं की विजेट हलतं, आणि मग 'माझी गाणी गेली' म्हणून फोन येतो. विजेट काढलं तरी गाणीही जात नाहीत आणि ॲपही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

## तरीही बिघडलं तर

विजेट करडं पडलं, दाबलं जात नाही. अँड्रॉइड १५ मध्ये ॲप 'फोर्स स्टॉप' केलं की त्याची विजेटं मुद्दाम करडी केली जातात. ॲप एकदा उघडा, विजेट पूर्ववत होतं. त्याआधीच्या फोनमध्ये फोर्स स्टॉप केल्यावर विजेट दिसतं तसंच राहतं, पण बटण चालेलच असं नाही, उपाय तोच. 'फोन हळू चालतोय' म्हणून ॲप्स फोर्स स्टॉप करायची सवय असेल तर ती सोडा.

'विजेट लोड करताना समस्या' असा संदेश. ॲप अपडेट झाल्यावर कधीकधी येतो. ते विजेट काढा आणि पुन्हा ठेवा. ॲप काढायची गरज नाही.

विजेटवर एक गाणं, कानात दुसरं. गाण्यांची दोन ॲप्स वापरात आहेत. प्रत्येक विजेट आपल्याच ॲपचं गाणं दाखवतं. व्हीएलसीच्या विजेटवर स्पॉटिफायचं गाणं कधीच दिसणार नाही. प्ले दाबलं की दुसरं ॲप बहुधा आपोआप थांबतं, पण त्याच्या विजेटवरचं चिन्ह बदलायला क्षणभर लागू शकतो.

ऑफिसच्या प्रोफाइलमधलं ॲप. कंपनीने फोनवर वर्क प्रोफाइल (कामाच्या ॲप्सचा वेगळा कप्पा) टाकलेलं असेल, तर यादीत वैयक्तिक आणि कामाची विजेटं वेगवेगळ्या भागांत असतात. चुकीच्या भागात शोधत असाल.

पुढचं गाणं लागत नाही. मोफत खात्यावर गाणी पुढे ढकलण्याला मर्यादा असू शकते. ॲपमध्ये जाऊन तेच करून बघा. तिथेही होत नसेल तर विजेटचा दोष नाही.

## सगळ्या ॲप्ससाठी एकच विजेट: थांबून विचार करा

कुठल्याही ॲपचं चालू गाणं दाखवणारी वेगळी विजेट-ॲप्स मिळतात, केडब्ल्यूजीटीसारखी. दिसायला सुरेख असतात. पण दुसऱ्या ॲपमध्ये काय वाजतंय हे कळायला त्यांना 'नोटिफिकेशन ॲक्सेस' लागतो, आणि तो दिला की ते ॲप तुमच्या सगळ्या सूचना वाचू शकतं. बँकेचा ओटीपी, व्हॉट्सॲपचे संदेश, सगळ्या. अँड्रॉइड १५ पासून ओटीपीचे आकडे अशा ॲप्सपासून झाकायची सोय आली आहे, पण बाकीचा मजकूर उघडाच असतो.

म्हणून हा ॲक्सेस प्ले स्टोअरवरून घेतलेल्या, नाव ऐकलेल्या ॲपलाच द्या. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेल्या किंवा वेबसाइटवरून उतरवलेल्या ॲपला कधीही नको. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपसाठी हा पर्याय करडा दिसतो आणि 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असा संदेश येतो. तो अडथळा तुमच्या भल्यासाठी आहे. व्हिडिओ बघून तो काढायच्या मागे लागू नका. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्यावर ॲपचं स्वतःचं विजेटच बरं.

## आयफोनवर

होम स्क्रीनच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरा, चिन्हं हलू लागली की डाव्या वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबा. जुन्या आवृत्तीत तिथे अधिकचं चिन्ह असतं; आयओएस १८ पासून 'एडिट' असतं आणि त्यातून 'ॲड विजेट' निवडायचं. ॲप शोधा, आकार निवडा, ठेवा.

इथे अपेक्षा मर्यादित ठेवा. २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १७ च्या आधी विजेट दाबलं की फक्त ॲप उघडायचं. १७ पासून विजेटवरच बटणं चालतात, पण ॲप बनवणाऱ्याने ती दिली असतील तरच. ॲपल म्युझिकच्या विजेटवर प्ले आणि थांबा करता येतं. तुमच्या ॲपच्या विजेटवर बटण दिसत नसेल, तर सेटिंग्जमध्ये शोधून ते मिळणार नाही. कंट्रोल सेंटरमधला प्लेअर वापरा. उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली ओढलं की येतो, होम बटण असलेल्या फोनमध्ये खालून वर ओढल्यावर.

लावलेलं विजेट काढायचं असेल तर दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये त्यावर बोट दाबून धरा आणि 'रिमूव्ह' निवडा. 'अनइन्स्टॉल' किंवा 'डिलीट ॲप' असे शब्द दिसले तर थांबा. तुमचं बोट विजेटवर नसून ॲपच्या चिन्हावर पडलंय.